दोन डब्यांची पारख

माझ्या सासरी गाणं ऐकायला बंदी नव्हती, गायला होती. लग्न ठरतानाच हे बोलणं झालं होतं. नागपूरला मी सात वर्षं गाणं शिकले, दोन परीक्षा दिल्या. गुरुजींनी पेटीवरची काळी चार हा माझा स्वर ठरवून दिला होता आणि मी झोपेतून उठूनही तो बरोबर लावत असे. हिंगणघाटहून मला पाहायला आलेल्या मामाजींनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, वडिलांना सरळच विचारलं, "पोरगी गाते म्हणतात. आमच्या घरी बायामाणसाचं गाणं चालत नाई. जमन का?" वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमेल." तंबोरा माहेरीच राहिला.

मामाजींची जिनिंग फॅक्टरीत भागी होती आणि घर फॅक्टरीच्या आवारातच होतं. भोवती उंच भिंत आणि पुढे पत्र्याचं फाटक. स्वयंपाकघर, माजघर, मागचं अंगण आणि विहीर, एवढ्यात माझा दिवस जाई. फाटकाबाहेर मी महिन्यातून एखादेवेळी पडे, तेही आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सोबत असतील तर. कापसाच्या दिवसांत हवेत सारखा तूस तरंगत असे. पापडावर, दुधावर, केसांत, सगळीकडे तो बसे. सकाळी यंत्रं सुरू झाली की त्यांचा आवाज भिंतींतून येई आणि संध्याकाळपर्यंत थांबत नसे. मला वाटे, या आवाजाच्या आत आपल्याला ठेवून वरून झाकण लावलं आहे.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा धाकटे दीर विलायतेत कापडगिरणीच्या यंत्रांचं शिक्षण घेत होते. तिथून परतणाऱ्या एका माणसासोबत त्यांनी एक पेटी पाठवली. पेटीत तबकडी फिरवणारं नवं यंत्र होतं, चावीचं नव्हे, विजेवर चालणारं. सोबत मोठ्या, संथ फिरणाऱ्या चार तबकड्या. त्यांतल्या तीन विलायती वाद्यांच्या होत्या, चौथी आपल्याकडच्या एका गवयाची. एका बाजूला एकच राग, वीस मिनिटं. घरात असं काही कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या यजमानांनी उत्साहाने यंत्राच्या तारा बैठकीतल्या रेडिओला जोडल्या. तबकडी फिरू लागली, सुई टेकली, आणि रेडिओतून डासाएवढा आवाज आला.

"फसवलं का काय याले दुकानदारानं?" मामाजी म्हणाले.

मग रेडिओच्या मिस्त्रींना बोलावलं. गावात रेडिओ दुरुस्त करणारे दोघे होते. त्यातले हे तरुण, तिशीच्या आतले. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलेल्या वस्तीत राहत. दीक्षेला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते आमच्याकडे आले की ओसरीवर बसत, बैठकीत नाही. तसं त्यांना कोणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही, पण आत या असंही कोणी म्हणत नसे. आत्याबाई त्यांच्यासाठी वेगळ्या कपात चहा पाठवीत. ते दरवेळी म्हणत, "चहा घेऊन आलो जी." कप तसाच परत येई.

मिस्त्रींनी खिडकीतून यंत्र बाहेर ओसरीवर मागून घेतलं, सुईची दांडी उलटी करून पाहिली आणि यजमानांना समजावून सांगितलं. मी माजघराच्या दाराआडून ऐकत होते. या नव्या सुईत चुंबक आहे, ती फार नाजूक आवाज देते. तो रेडिओपर्यंत पोचायच्या आधी त्याला वाढवणारा एक छोटा डबा मध्ये लागतो. शिवाय या तबकड्या भरतानाच खालचे सूर दाबून आणि वरचे उचलून भरलेले असतात. वाजवताना ते पुन्हा सरळ करावे लागतात. ते कामही त्या डब्यानेच करायचं.

"मुंबईले भेटन का?" मामाजींनी विचारलं.

"भेटन. पण मी बनवून देऊ शकतो."

"मुंबईचाच मागवू," मामाजी म्हणाले.

महिन्याभरात डबा आला. करडा, गुळगुळीत, समोर चकचकीत बटण आणि लाल दिवा. तो जोडला आणि घरभर आवाज झाला. मामाजी खूश, यजमान खूश. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. गवयाने आलाप सुरू केला आणि माझे हात थांबले. दोन वर्षांत मी असं गाणं ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. पण थोड्याच वेळात कान कुरकुरू लागला. तंबोरा वाजत होता, पण त्याच्या खर्जाच्या तारेखाली काही नव्हतंच. पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखा गवई अधांतरी गात होता. 'स' आला की फुत्कार निघे. आणि या सगळ्याच्या मागे एक बारीक घरघर होती, माझ्या षड्जाला अगदी लागून, पण त्याच्या किंचित खाली. ती मला गाणं संपल्यावरही ऐकू येत राही.

रात्री मी जेवायला वाढत असताना यजमानांनी विचारलं, "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. "खर्ज नाही त्यात. आणि मागे घरघर आहे." ते हसले नाहीत. त्यांचा हा एक गुण होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मिस्त्रींना जाऊन सांगितलं, आणि मिस्त्री म्हणाले म्हणे, "असं कोण बोललं? ज्यानं सांगितलं त्याचा कान असली आहे. एक डबा मी बनवतो. दोन्ही लावून पाह्यजा. पसंत पडला तर ठेवजा, नाई तर मी माझा घेऊन जाईन."

मामाजींनी परवानगी दिली. त्यांना वाटलं असावं, मुंबईपुढे हा काय टिकणार.

मिस्त्रींचा डबा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला होता. वरून दोन काचेचे व्हॉल्व्ह बाहेर आलेले, एका बाजूला पुसटसं गुलाबाचं चित्र. पाहून आत्याबाई म्हणाल्या, "हे काय वो, दुकानच मांडलं." पारख करायची तर फॅक्टरी बंद हवी, म्हणून सुट्टीच्या दुपारी ठरल्या. यजमान बैठकीत यंत्रापाशी. मिस्त्री ओसरीवर खिडकीला लागून, दोन्ही डबे खिडकीतच, त्यांच्या हाताशी. मी माजघरात, अर्ध्या लोटलेल्या दारामागे पाटावर. मी परपुरुषाशी बोलायचं नव्हतं, म्हणून मी यजमानांना सांगायचं आणि त्यांनी खिडकीतून मिस्त्रींना. मला यात कोणी मान दिला असं नव्हे. तराजूला जसं जवळ ओढून घेतात तसं मला तिथे बसवलं होतं.

पहिल्या दुपारी सगळा घोटाळाच झाला. मी म्हटलं, "खर्ज आला, पण पोकळ आहे." यजमानांनी खिडकीतून सांगितलं, "आवाज कमी आहे म्हणते." मिस्त्रींनी आवाज वाढवला. मी म्हटलं, "आवाज वाढवू नका, मधले सूर पुढे आलेत." तिकडे पोचलं, "पुढे आणा म्हणते." अर्धा तास असं चाललं. मला दार लोटून बाहेर जावंसं वाटत होतं. चार हातांवर तो माणूस बसला होता, मला काय हवं ते त्याला बहुधा एका वाक्यात कळलं असतं, आणि मध्ये एक दार, एक नवरा आणि एक खिडकी.

शेवटी मिस्त्रींचा आवाज आला, मुद्दाम थोडा मोठा. "साहेब, तुम्ही बदलू नका. ताई जे म्हणतीन थेच शब्द सांगजा. समजले नाई तरी तसेच सांगजा."

त्यानंतर जमू लागलं. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट शिकवली. दोन्ही डब्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. "जो मोठा वाजते थो चांगला वाटते. कान तिथंच फसते," ते म्हणाले. मी हे कधी ऐकलं नव्हतं, पण ऐकताक्षणी पटलं. तारा काढून दुसऱ्या डब्याला लावायला यजमानांना मिनिटभर लागे. तेवढ्या वेळात पहिला आवाज पुसट होऊ नये म्हणून मी डोळे मिटून तंबोऱ्याची एकच तार मनात धरून ठेवी.

घरघर मात्र दोन्ही डब्यांत होती. मिस्त्रींच्या डब्यात जरा जास्तच. त्यांनी विचारलं, "ताईंले इचारा, घरघर किती खालची आहे?"

मी म्हटलं, "काळी चारच्या खाली, पांढरी पाचच्या थोडी वर."

यजमानांनी तसंच्या तसं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मले पेटी येत नाई. ताईंले म्हणा, थे घरघर गळ्यातून काढून दाखवा."

बैठकीत मामाजी वर्तमानपत्र वाचत होते. पानांचा आवाज थांबला. स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या हातातलं भांडं थांबलं. यजमान दाराशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि मग बैठकीकडे. मामाजी काहीच बोलले नाहीत. यंत्राच्या बिघाडाला गाणं म्हणावं की नाही, हे त्यांनाही ठरवता येत नसावं.

मी तोंड मिटून, नाकातून, तो सूर धरला.

दोन वर्षांनी माझा गळा त्या घरात मोठ्याने वाजला, आणि वाजला तो कशासाठी, तर एका डब्याची घरघर दाखवायला. आवाज आधी कापला, मग स्थिर झाला. मला थांबवेना. मिस्त्रींना कळायला पुरे झालं असेल, तरी मी तो सूर धरूनच राहिले. तिथून अर्ध्याहून थोडा कमी सूर वर चढले असते तर माझा षड्ज होता. मी चढले नाही. श्वास संपला तेव्हा थांबले.

"हाच सूर आहे," मी म्हटलं. "पण याच्या दोन सप्तकं खाली. माझा गळा तिथवर जात नाही."

मिस्त्री खूश झाल्याचं त्यांच्या बोलण्यातून कळत होतं. घरघर एक सप्तक खाली असती तर बिघाड एका जागी असता, दोन सप्तकं खाली म्हणजे दुसऱ्या जागी. आता त्यांना नेमकी जागा सापडली होती. व्हॉल्व्हला ऊब देणाऱ्या तारा त्यांनी एकमेकींना पीळ देऊन वेगळ्या बाजूने नेल्या, दोन ठिकाणी नवे डाग दिले, आणि जमिनीत जाणारी तार विहिरीजवळ ओल्या जागी पुरायला लावली. पुरायला अर्थात यजमान गेले. विहिरीपाशी मिस्त्री कसे जातील?

त्यानंतरच्या सुट्टीला शेवटची पारख झाली. मिस्त्रींचं म्हणणं होतं, कोणता डबा लावला ते मला सांगायचं नाही. मामाजी या वेळी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बसले. पाच वेळा तारा बदलल्या. पाचही वेळा मी एकाच डब्याला चांगलं म्हटलं. घरघर नव्हती. तंबोऱ्याचा खर्ज छातीत लागत होता. गवई श्वास घेतो तेसुद्धा ऐकू येत होतं, आणि तो जमिनीवर बसून गातो आहे हे कळत होतं. पाचव्या वेळी मामाजी स्वतः उठले आणि तार कुठे गेली आहे ते वाकून पाहिलं. बिस्किटाच्या डब्यात.

"बराबर आहे," ते म्हणाले. "हे मलेही समजून राह्यलं आता."

मिस्त्री त्या दिवशी जाताना दाराकडे तोंड करून म्हणाले, "ताईंमुळं झालं जी."

पंधरवड्याने मामाजींनी नागपूरच्या दोन कापूस व्यापाऱ्यांना आणि एका सरकारी अधिकाऱ्याला जेवायला बोलावलं. नवं यंत्र दाखवायचं होतं. सकाळी बैठक झाडायला गेले तर पाहिलं, बिस्किटाचा डबा कपाटात, रेडिओच्या मागे सरकवलेला. त्याच्या तारा पडद्याखालून आणल्या होत्या. आणि समोर मेजावर मुंबईचा करडा डबा, स्वच्छ पुसून, लाल दिवा लावून. त्याला रेडिओची तार नव्हती. नुसता विजेला जोडलेला.

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाबांनी सांगितलं. लोकं इचारतीन, हे कोणी बनवलं. मंग काय सांगायचं?"

जेवणं झाल्यावर तबकडी लावली. पाहुणे गप्प होऊन ऐकत राहिले. संपल्यावर अधिकारी म्हणाले, असा आवाज त्यांनी नागपुरातही ऐकला नाही. एक व्यापारी करड्या डब्यावर हात फिरवत म्हणाला, "मुंबईचं काम मुंबईचंच." मामाजींच्या अंगात उत्साह आला. "अहो, दोन-तीन डबे लावून पाह्यले आम्ही. आमच्या सुनेचा कान लय तेज आहे, तिनं पसंत केला. काऊन गं बाई, सांग यायले."

मी पडद्यामागे विड्यांचं तबक घेऊन उभी होते. सगळे पडद्याकडे पाहत असावेत. मला एकच वाक्य बोलायचं होतं. खरं बोलले असते तर मामाजी पाहुण्यांसमोर खोटे पडले असते, आणि मला त्याच घरात, त्याच भिंतीच्या आत, दुसऱ्या दिवशी उठायचं होतं. मी म्हटलं, "मुंबईचा चांगला आहे."

पुढच्या आठवड्यात मिस्त्री व्हॉल्व्ह तपासायला आले. खिडकीतून त्यांनी यजमानांना विचारलं, "पाव्हणे आलते म्हणे. काय म्हणले?"

"लय आवडलं."

"कोणी बनवलं, इचारलं का?"

यजमानांची मान खाली गेलेली मला दाराच्या फटीतून दिसत होती. मी दार उघडलं. उंबऱ्यावर उभं राहून मिस्त्रींशी पहिल्यांदा सरळ बोलले. "मुंबईचा डबा आहे असं सांगितलं. मलाही विचारलं. मी खोटं बोलले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं तोपर्यंत त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तरी काय करसान." मग यजमानांना म्हणाले, "साहेब, डबा देऊन द्या माझा. बोलणं असंच होतं. पसंत नसन तर मी नेणार."

"पसंत तर आहे ना," यजमान म्हणाले.

"अंदर पसंत आहे. बाहेर नाई."

यजमानांनी डबा काढून दिला. मिस्त्रींनी तो धोतराच्या फडक्यात बांधला आणि फाटकातून निघून गेले.

मुंबईचा डबा पुन्हा जोडला गेला. मामाजी त्या संध्याकाळी ऐकायला बसले, पाच मिनिटांत उठले आणि स्वतः बटण बंद केलं. त्यांना आता खर्ज नसणं ऐकू येऊ लागलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी यजमानांना मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्रींनी उलट निरोप दिला. ते नागपूरला एका मोठ्या रेडिओच्या दुकानात कामाला लागायचा प्रयत्न करत होते. डबा त्यांनी बनवला आणि तो मुंबईच्या डब्याहून चांगला ठरला, एवढं मामाजींनी कागदावर लिहून दिलं, तर ते डबा परत आणून लावून देतील. मामाजींनी ऐकून घेतलं. "मी लिहून देऊ?" एवढंच म्हणाले आणि विषय संपला.

मी लिहिलं. दुपारी, आत्याबाई आडव्या झाल्या असताना, हिशेबाच्या वहीतला कोरा कागद फाडून. दोन्ही डबे कसे ऐकले, आवाज सारखा कसा केला, किती वेळा तारा बदलल्या, खर्ज कोणत्या डब्यात होता, घरघर कुठे होती आणि मिस्त्रींनी ती कशी घालवली, सगळं. पाचही वेळा मी हाच डबा चांगला म्हटला हेही. पाहुण्यांसमोर मी खोटं बोलले, तेही लिहिलं. खाली सही केली ती माहेरच्या नावाने, कारण माझ्या गाण्याच्या परीक्षा त्याच नावावर होत्या. हल्ली मुक्काम हिंगणघाट.

यजमानांना कागद दिला. त्यांनी दोनदा वाचला. "बाबांना कळलं तर?" ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली, टोपीच्या आत ठेवली आणि बाहेर गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पुष्कळ कडू आहे, पण ही घडी मी विसरलेले नाही.

मिस्त्रींना ते काम मिळालं. कागदामुळे की हातातल्या कसबामुळे, मला ठाऊक नाही. दुकानाच्या मालकाची आणि आमच्याकडे जेवायला आलेल्या त्या व्यापाऱ्याची ओळख निघाली, आणि कागदात काय लिहिलं होतं ते फिरत फिरत दसऱ्याच्या सुमारास मामाजींपर्यंत पोचलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. पाणी हवं तरी आत्याबाईंना सांगत, मी शेजारी उभी असले तरी.

दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला. मी चार दिवस आधीच लुगडी घडी करून ठेवली होती. माहेरी जाऊन पहिल्यांदा तंबोरा जुळवायचा, हे मनात धरून होते. मामाजींनी त्याला बैठकीत बसवलं, फराळ दिला, नागपूरची ख्यालीखुशाली विचारली. मग म्हणाले, "या वर्षी नाई जमणार. घरात काम लय आहे." भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी दारात होते. तो धाकटा होता. थोडा वेळ घुटमळून तो उठला. मी त्याच्याबरोबर आईसाठी अनारशांचा डबा दिला. पत्र्याच्या फाटकापर्यंत त्याच्यासोबत गेले, आणि फाटक लागल्यावर परत आले. कपाशीचा हंगाम सुरू झाला होता. अंगणात वाळत घातलेल्या धुण्यावर तूस बसला होता. तो झटकून कपडे आत आणले.